धुलाईघरातलं फ्रेंच

माझ्या निवृत्तीच्या समारंभात एका तरुण प्राध्यापकानं माझ्याबद्दल फार चांगलं भाषण केलं. मॅडमनी मराठवाड्यात तीस वर्षं फ्रेंच शिकवलं वगैरे झाल्यावर तो म्हणाला, "मॅडमना या भाषेची गोडी लावली ती मुळ्ये सरांनी. सरांचं नाव निघालं की मॅडम आजही गप्प होतात, इतका त्यांच्या मनात आदर आहे." टाळ्या वाजल्या. मी मांडीवरच्या शालीची किनार मुठीत आवळून बसले होते. गोडी सरांनी लावली हे खरं आहे. मी गप्प होते हेही खरं आहे. पण ते गप्प होणं आदराचं, हे त्या मुलाला कुणी सांगितलं? मी कुणालाच काही सांगितलं नव्हतं, म्हणून त्यानं त्या मोकळ्या जागेत आदर भरला. घरी येऊन शाल कपाटात कोंबली आणि ठरवलं की हे लिहायचं. डॉक्टर म्हणतात राग आवरा, रक्तदाब चढतो. चढू दे.

लातूरच्या सरकारी दवाखान्यामागे आमचं क्वार्टर होतं. दोन खोल्या, पुढे फरशीचा ओटा, आणि ओट्यापासून वीस-पंचवीस पावलांवर धुलाईघर. माझी माय तिथे कामाला होती. तिचं नाव गयाबाई. सकाळी वॉर्डावॉर्डातून गाठोडी यायची आणि माय ती जमिनीवर सोडून निवडायला बसायची. रक्ताचं एकीकडे, पुवाचं एकीकडे, बाळंतिणींचं वेगळं, डॉक्टरांचे कोट वेगळे. रक्ताला कढत पाणी लावायचं नाही, थंड पाण्यात भिजत घालायचं, हे मला अक्षरओळख होण्याआधी ठाऊक होतं. मग सोड्याची भट्टी पेटायची. उकळते कपडे दांड्यानं उपसून हौदात टाकले की चर्रकन आवाज यायचा आणि सगळं धुलाईघर वाफेनं भरून जायचं. त्यानंतर मोगरीचे ठोके. त्या ठोक्यांवर मी पाढे पाठ केले. दुपारी तारांवर चादरी फडफडायला लागल्या की त्यांच्यामधून पळायची बंदी होती, तरी मी पळायचीच. कार्बोलिकचा वास आमच्या अंगाला, पांघरुणाला, भाकरीलासुद्धा. शाळेत पोरी नाक दाबायच्या. त्यातल्या काहींना नाक आमच्या जातीसाठी दाबायचं असायचं आणि वासाचं फक्त निमित्त व्हायचं, हे मला पुढे कळलं.

घरात कालवण दादा करायचे. दादा म्हणजे माझे वडील, तहसील कचेरीत पट्टेवाले. मायच्या हातांना सोड्यानं भेगा पडलेल्या असायच्या, तिखट लागलं की आग आग व्हायची, म्हणून ठेचा वाटणं, येसराची आमटी, अंबाडीची भाजी हे सगळं दादांकडे. शेजारच्या बाया हसायच्या. दादा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे आणि शेंगदाण्याची चटणी कुटत राहायचे. भाकरी मात्र माय थापायची. ओलं पीठ भेगांमधे बसलं की थंड वाटतं म्हणायची. रविवारी तिघं विहारात जायचो. तिथल्या एका कार्यकर्त्यानं माझं नाव विशाखा ठेवलं होतं. मायच्या जिभेवर ते कधी बसलं नाही, मी तिच्यासाठी शेवटपर्यंत इसाखा राहिले.

बारावीनंतर मी नांदेडला गेले, कारण तिथे मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली. एसटीनं अहमदपूर, लोहा करत चार तास लागायचे. पहिल्या वर्षी मराठीच्या तासाला मी उत्तर द्यायला उभी राहिले आणि 'न्हाई' म्हणाले. शिकवणाऱ्या बाईंनी मला ते तीनदा म्हणायला लावलं. नाही, नाही, नाही. वर्ग हसला, आणि हसणाऱ्यांमधे भोकर-उमरीची पोरंही होती, जी घरी 'न्हाई'च म्हणत असणार. त्याच आठवड्यात मी कचेरीत जाऊन विषय बदलला. यादीत फ्रेंच होतं. क्लार्क म्हणाला, "त्या वर्गात तुमाला धरून सातच जनं हायेत, बघा बुवा." मी का घेतलं, तर त्या वर्गात सगळेच अडाणी असणार होते. जिथे कुणालाच काही येत नाही तिथे मला कोण हसणार? फ्रान्स नकाशात कुठे आहे हे मला नीट सांगता आलं नसतं. पुढे मुलाखतींमधून लोक विचारायचे की मॅडम, फ्रेंचच का. मी त्यांना साहित्य, संस्कृती असं काहीबाही सांगत आले. खरं कारण हे आहे.

मुळ्ये सर पुण्याहून आलेले. चाळिशीचे, बारीक अंगाचे, खिशाला दोन पेनं. फ्रेंचचे विभागप्रमुख तेच आणि शिक्षकही तेच. त्यांच्याबद्दल मी खोटं लिहिणार नाही. ते फार चांगलं शिकवायचे. पहिल्या दिवशी त्यांनी घशातून काढायचा तो 'र' आमच्याकडून म्हणून घेतला. आम्हाला तो लगेच आला, कारण लहानपणापासून आजूबाजूला दखनी उर्दू बोलणारी माणसं, ख़ैरियत आणि ग़रीब आमच्या कानात होतेच. सर हसून म्हणाले, "हा 'र' यायला आम्हा पुणेकरांना वर्ष लागतं, तुम्ही तो घरून घेऊन आलात." माझ्या बोलण्यातली एखादी गोष्ट शिकलेल्या माणसाला चांगली वाटली, असं आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. त्या एका वाक्यावर मी त्यांच्यासाठी विस्तवावरून चालले असते. मी सगळी क्रियापदं पाठ केली, वसतिगृहाच्या गच्चीवर कपडे वाळत घालताना मोठ्यानं म्हणायची, खोलीतल्या पोरींना वाटायचं मला काहीतरी झालंय. दुसऱ्या वर्षापर्यंत सात जणांचे तीन उरले, आणि तिघांमधे मी पुढे होते.

दुसऱ्या वर्षाची परीक्षा झाल्यावर सरांनी मला एक कथा दिली. कुठल्याशा जुन्या मासिकातली, सायक्लोस्टाइल केलेली अकरा पानं, लेखिका कुणी फारशी नाव नसलेली. "सुट्टीत हिचं मराठी करून बघ," म्हणाले. "प्रकाशित वगैरे करायचं नाही, फक्त सराव." कथा एका धोबिणीची होती. नदीकाठच्या गावात ती एकाच मोठ्या घराचे कपडे चाळीस वर्षं धुते. त्या घरात कोण आजारी आहे, कुणाचं कुणाशी पटत नाही, कोण रडतं, हे सगळं तिला चादरी-अभ्र्यांवरून कळतं. शेवटी मालकीण वारते आणि तिची चादर धुवायला येते. एवढीच गोष्ट. मी ती एसटीत वाचली आणि लोहा कधी गेलं मला कळलं नाही.

वाचायला सोपी होती, मराठी करायला बसले तर हात टेकले. माझ्याकडे फ्रेंच-इंग्रजी कोश होता. फ्रेंच शब्दाचा इंग्रजी शब्द बघायचा, मग इंग्रजी-मराठी कोशात त्याचा मराठी. दोन कोशांमधून येईपर्यंत शब्दाचा जीव गेलेला असायचा. 'बात्वार' म्हणून एक वस्तू होती. कोशातून ती 'लाकडी प्रहारसाधन' होऊन बाहेर आली. मी ओट्यावर बसून ते लिहीत होते, आणि समोर माझी माय त्याच प्रहारसाधनानं, म्हणजे मोगरीनं, चादरी बडवत होती. हे दिसायला मला चार दिवस लागले. इतकी मी शिकलेली झाले होते.

पाचव्या दिवशी मी वही घेऊन धुलाईघरात गेले. मे महिना, लातूरचं ऊन, भट्टीशेजारी उभं राहवत नव्हतं. मायला म्हणाले, ह्या कथेतली बाई तुझंच काम करते, तिला शब्द पाहिजेत. माय म्हणाली, "कुठली हाय ती?"

"फ्रान्सची."

"तिकडं बी हातानंच धुतेत?"

"तवा धुवत होते."

"मंग वाच."

मी एक एक वाक्य मराठीत सांगत गेले आणि माय काम करत करत दुरुस्त करत गेली. बाई कपडा पाण्यात हलवते असं मी लिहिलं होतं. माय म्हणाली, "हलवती काय? चुबकती म्हन. नाजूक कापड चुबकतेत." कोटाला खळ, पांढऱ्याला नीळ, पिळा घालणं, खंगाळणं, एकेक शब्द ती ओल्या हातानं माझ्या वहीत टाकत होती, म्हणजे पानांवर खरोखर थेंब पडत होते. शेवटच्या पानावर मालकिणीची चादर होती. फ्रेंच शब्दाचा अर्थ वापरून वापरून झिजलेली असा. मी 'जीर्ण' लिहिलं होतं. माय हातातलं काम सोडून हसली. "जीर्न कोन म्हंतं गं? चादर थकली म्हनावं. मानसावानीच अस्तंय. फाटलेली नस्ती, पर थकलेली अस्ती. तिला पिळायचं न्हाई. दोन हातावर घ्यायची आन तशीच तारंवर टाकायची, पानी आपल्या आपन निथळतंय." मी ते जसंच्या तसं लिहिलं. कथेला नावही दिलं, 'थकलेली चादर'. दहा-बारा दिवस आमचं हे चाललं. मायनं माझ्या अभ्यासात हात घातला असे तेवढेच दिवस. संध्याकाळी ती दादांना सांगायची, "आज लई फ्रेंच केलं बगा." दादा परातीत पीठ काढत म्हणायचे, "आता तुलाच डिग्री देतेत."

जूनमधे मी वही सरांना दिली. आठ दिवसांनी विचारलं तर म्हणाले, "बरी आहे. भाषा जरा ग्रामीण झाली आहे. मी बघून देतो." पुढे तीन-चारदा मागितली. कधी घरी राहिली, कधी कपाटात कुठेतरी. मी मागायचं सोडलं. सरांकडे वही आहे म्हणजे सुरक्षित आहे, असं मला वाटायचं.

दिवाळीच्या सुट्टीत लातूरच्या वाचनालयात बसले होते. टेबलावर नवे दिवाळी अंक मांडलेले. एक पुण्याचा अंक उघडला, अनुक्रमणिकेत 'थकलेली चादर' दिसलं. खाली लिहिलेलं, मूळ फ्रेंच कथा, अनुवाद, आणि सरांचं नाव. मला आधी आनंदच झाला. वाटलं, सरांनी छापून आणली, आत माझं नाव असणार. पान काढलं. वाचत गेले. माझी वाक्यं होती. क्रियापदं त्यांनी साफ केली होती, 'न्हाई'चं 'नाही' झालं होतं, पण चुबकणं होतं, खळ होती, पिळा होता, मायचं निथळणारं पाणी होतं. माझं नाव शोधण्यासाठी मी ती सहा पानं पुढून आणि मागून बघितली. शेवटी चौकटीत अनुवादकाचं टिपण होतं. त्यात सरांनी लिहिलं होतं की या कथेतल्या धोबिणीची बोली मला माझ्या मराठवाड्यातल्या वास्तव्यात सापडली. सापडली. रस्त्यावर पडली होती काय? आज इतकी वर्षं झाली, लिहिताना माझं पेन कागदात रुततंय.

वाचनालयातले काका नवे अंक घरी देत नसत. मी त्यांच्यापुढे उभी राहून रडायला लागले, तेव्हा त्यांनी काही न विचारता अंक हातात दिला. धुलाईघरात माय सुकलेल्या चादरींच्या घड्या घालत होती. मी तिला काही न सांगता वाचायला सुरुवात केली. ती ऐकत ऐकत घड्या घालत राहिली. मालकिणीच्या चादरीपाशी आले तेव्हा तिचे हात थांबले.

"हे तर माझंच बोलनं हाय की," ती म्हणाली. "छापलं व्हय तुझं?"

"माझं नाही छापलं माय. सरांनी त्यांच्या नावानं छापलं."

"तुझं नाव न्हाई?"

"नाही."

मायनं हातातली घडी पुरी करून थप्पीवर ठेवली. मग म्हणाली, "तेनी धुतलेत का कधी कपडे?"

दादा घरी आले तेव्हा घरात हाच विषय. दादा घाबरले. कचेरीत तीस वर्षं साहेबांच्या दारात उभं राहून त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती, की सही साहेबाची असते. ते म्हणाले, "शेवटचं वरीस हाय. मार्क त्येंच्याच हातात हायेत. पास होऊ दे, मंग बघू." माय म्हणाली, "मंग कोन बघतं? मी भांडायला जाईना, निसतं इचारायला जाते. सरानं चुकून केलं आसंल तर तसं सांगतील." तिनं हेडसिस्टरकडे एक दिवसाची रजा मागितली. मायनं बाळंतपण सोडून रजा घेतल्याचं मला आठवत नाही. सुट्टी संपून कॉलेज उघडलं त्या आठवड्यात पांढरं लुगडं खळ देऊन कडक केलं, आणि आम्ही दोघी पहाटेच्या गाडीनं निघालो.

स्टाफरूममधे त्या वेळी चार-पाच प्राध्यापक होते. मुळ्ये सर खिडकीजवळच्या टेबलाशी पेपर तपासत बसले होते. मला बघून हसले, मायला बघून उठून उभे राहिले. "या, या. बसा." माय बसली नाही. मी अंक टेबलावर ठेवला.

सरांचा चेहरा क्षणभर उतरला, मग सावरला. "अगं, मी सांगणारच होतो. तुझा उल्लेख टिपणात केला होता मी. संपादकांनी जागेअभावी कापला असणार."

माय म्हणाली, "सर, तुमी लिव्हलेला कागद आसंल ना. तेवढा दावा पोरीला."

"आता तो कुठे सापडायचा, बाई." सर खुर्चीत बसले. "असं बघा. विद्यार्थी शिक्षकाच्या हाताखाली काम करतो. कथा मी निवडली, भाषा मी शिकवली. तिच्या मसुद्यावर मी बराच हात फिरवला आहे. अशा कामात कुणाचं किती हे मोजता येत नाही."

"मोजायला न्हाई आले मी," माय म्हणाली. "एक इचारू का? चुबकनं म्हंजे काय हो सर?"

सर हसले. "म्हणजे... धुणं. आपटून धुणं."

"न्हाई. आपटलं की नाजूक कापड फाटतंय. चुबकनं म्हंजे पान्यात निसतं खालवर करायचं, लेकराला आंगोळ घातल्यावानी." तिनं दोन्ही हात पुढे करून हवेतच दाखवलं. त्या भेगाळलेल्या हातांकडे सगळी स्टाफरूम बघत होती. "आन थकलेली चादर वळखायची कशी, ते सांगा."

सरांनी समोरचा पेपर उचलून बाजूच्या गठ्ठ्यावर ठेवला. कोपऱ्यातल्या इतिहासाच्या बाईंनी मान खाली घालून वही उघडली. मला 'न्हाई' तीनदा म्हणायला लावणाऱ्या मराठीच्या बाई तिथेच होत्या, त्या खिडकीबाहेर बघत होत्या. माय हळू आवाजात म्हणाली, "तुमाला ठाव न्हाई ते तुमच्या नावानं कसं काय छापलं सर?"

एवढंच. तिनं आवाज चढवला नव्हता, हात उगारला नव्हता. सर ताडकन उठले आणि "हा काय प्रकार आहे" म्हणत प्राचार्यांकडे गेले. दहा मिनिटांनी मला बोलावणं आलं. माय बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसली.

प्राचार्य मला ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर कदाचित मी वेगळी वागले असते. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं. म्हणाले, "मुली, तू हुशार आहेस. तुझ्यासारख्या मुली इथवर फार कष्टानं येतात, मला कल्पना आहे. परीक्षेच्या फॉर्मवर विभागप्रमुखांची सही लागते आणि फॉर्मची आज शेवटची तारीख आहे. सर सही करायला तयार आहेत. तू फक्त एक चार ओळी लिहून दे." सर बाजूच्या खुर्चीत बसले होते, छताकडे बघत. मग प्राचार्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. मी माझ्या पालकांना सोबत आणून माननीय प्राध्यापकांशी उद्धट वर्तन केले. सदर अनुवाद सरांचा असून त्यात माझा काहीही वाटा नाही. झाल्या प्रकाराबद्दल मी व माझे पालक दिलगीर आहोत. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. खाली मी सही केली. प्राचार्य म्हणाले, "पालकांचीही घे."

मी कागद घेऊन व्हरांड्यात आले. मायला सही येत होती. पगाराच्या वेळी अंगठा द्यायला लाज वाटते म्हणून दादांकडून शिकली होती, पण वाचता येत नव्हतं. ती उठून उभी राहिली. "काय म्हनले?"

मी म्हणाले, "सरांनी चूक कबूल केली माय. हे लिहून दिलंय त्यांनी. साक्षीला आपल्या सह्या पाहिजेत."

हे वाक्य मी आधी ठरवलं नव्हतं. दारातून बाकापर्यंतच्या आठ-दहा पावलांमधे ते कुठून आलं मला माहीत नाही. खरं सांगितलं असतं तर मायनं तो कागद फाडला असता, याची मला खात्री होती. माझं वर्ष गेलं असतं, कदाचित शिक्षण गेलं असतं. मी वीस वर्षांची होते. माझ्या मुलीला हे एकदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली, आई, तू लहान होतीस. वीस म्हणजे लहान नव्हे. त्या वयाची असताना माय दोन माणसांचा संसार आणि एका दवाखान्याच्या चादरी ओढत होती.

मायनं कागद बाकावर ठेवला, गुडघे टेकून खाली बसली आणि पेन घट्ट धरून एकेक अक्षर काढलं. ग, या, बा, ई. शेवटची वेलांटी जरा वर गेली. "चांगलं अक्षर हाय सराचं," कागदाकडे बघून ती म्हणाली. ते अक्षर माझं होतं.

फॉर्मवर सरांनी सही केली. मी बाहेर पडत असताना ते म्हणाले, "विशाखा, मनात काही ठेवू नकोस." मी "हो सर" म्हणाले. या "हो सर"चा मला त्या कागदाइतकाच राग येतो.

परतीच्या गाडीत माय खिडकीशी बसली होती. नांदेडच्या स्टँडवर अर्धापूरची केळी घेतली होती, एक सोलून मला दिलं. म्हणाली, "मानूस वाईट नसंल गं. चुकलं म्हनून लिव्हून द्यायला बी मन लागतंय." मी केळं खाल्लं. लातूरला उतरल्यावर तिनं पेढे घेतले आणि दुसऱ्या दिवशी धुलाईघरात सगळ्यांना वाटले. वॉर्डबॉय, आया, हेडसिस्टर, सगळ्यांना गोष्ट सांगितली. माझ्या पोरीच्या सरानं चूक कबूल केली, कागदावर लिहून दिलं, मी सही केली. दादांना मात्र शंका आली असावी. त्यांनी कागदावर नेमकं काय होतं असं एकदा विचारलं, मी विषय बदलला, आणि त्यांनी पुन्हा विचारलं नाही. कागदांमधे आयुष्य गेलेल्या माणसाला न विचारताही पुष्कळ कळत असणार.

पुढचं चांगलंच झालं, आणि तेच मला सहन होत नाही. मला पहिला वर्ग मिळाला. तोंडी परीक्षेत सरांनी पैकीच्या पैकी गुण दिले. हैदराबादला पुढे शिकायला शिफारसपत्र लागत होतं, तेही त्यांनी दिलं, त्यात मला आपली सर्वोत्तम विद्यार्थिनी म्हटलं. मी ते घेतलं. त्या पत्रावर मला प्रवेश मिळाला, त्या शिक्षणावर नोकरी, त्या नोकरीवर हे घर. सर पुण्याला परतले. तो अनुवाद पुढे एका संग्रहातही आला, बोलीच्या वापराबद्दल त्याचं कौतुक झालं. ते वारले तेव्हा मला शोकसभेला बोलावलं होतं. मी ताप आहे म्हणून कळवलं. ताप नव्हता. उठून दोन वाक्यं बोलायची हिंमत तेव्हाही नव्हती, आणि तेव्हा तर माझ्या कुठल्याच फॉर्मवर कुणाची सही राहिलेली नव्हती.

तीस वर्षं मी पोरांना शिकवलं. कुणाची वही घेतली तर आठवड्यात परत दिली, एवढं केलं. वर्गात कुणी 'न्हाई' म्हटलं तर पुढे चालू ठेवलं. लोक याला माझी शिस्त म्हणायचे. मायला मी चार वेळा खरं सांगायला निघाले. एकदा दादा गेले तेव्हा, एकदा ती निवृत्त झाली तेव्हा. दर वेळी ती स्वतःच ती गोष्ट काढायची आणि इतक्या आनंदानं सांगायची, की माझं तोंड उघडत नसे. वर्षागणिक गोष्ट वाढत गेली होती. आधी सरांनी लिहून दिलं होतं. मग त्यांनी हात जोडले. मग प्राचार्यांनी मायला खुर्ची दिली आणि चहा पाजला.

शेवटच्या आजारपणात माय त्याच दवाखान्यात होती. धुलाईघर पाडून तिथे गाड्या लावायची जागा झाली होती, कपडे मशिनवर जात होते. एका दुपारी निलंग्याकडची एक तरुण सिस्टर तिला सलाईन लावायला आली. मायनं तिचं मनगट धरलं आणि सुरू केलं. ही माझी लेक, फ्रेंचची मास्तरीन. हिच्या सरानं हिचं लिव्हलेलं चोरलं हुतं. मी नांदेडला गेले. त्येला इचारलं. त्येनं सगळ्यांदेखत माफी मागितली, कागदावर लिव्हून दिलं, खाली माझी सही हाय.

सिस्टर हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघून म्हणाली, "खरंच का हो मॅडम? लिहून दिलं त्यांनी?"

माय माझ्याकडे बघत होती. डोळे खोल गेले होते, पण त्यात त्या बसमधलाच आनंद होता.

मी म्हणाले, "हो. लिहून दिलं."